नुकसान चालतं, हार चालत नाही

माणूस स्वतःचं वाटोळं करून घेताना दिसला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे याला अक्कल नाही, आणि दुसरी म्हणजे याला कुणी समजावून सांगितलं नाही, जनजागृती करायला पाहिजे. पहिलं म्हणणारे हात झटकून मोकळे होतात, दुसरं म्हणणारे फ्लेक्स लावतात, शाळेत व्याख्यान ठेवतात, रॅली काढतात. मला हे दोन्ही पटत नाही. मी नाशिकमध्ये राहते, माहेर निफाड तालुक्यातलं, दोन्हीकडची माणसं जवळून बघत आलेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की स्वतःचं नुकसान करून घेणाऱ्या बहुतेक माणसांना नुकसान होणार हे व्यवस्थित माहिती असतं, फक्त त्यांना ते परवडतं, कारण त्या बदल्यात त्यांना असं काहीतरी मिळत असतं जे पैशापेक्षा, मार्कांपेक्षा, कधीकधी जिवापेक्षा मोठं वाटतं. आपण हरलो नाही, आपण वाकलो नाही, आपण कुणापेक्षा कमी नाही, एवढंच ते असतं. आणि ते टिकवायला माणूस कुठल्या थराला जाऊ शकतो हे आपण उघडपणे बोलत नाही म्हणून आपले उपाय चुकतात, असं मला वाटतं.

साधं हेल्मेटचं घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहरात पोलिसांनी 'नो हेल्मेट नो पेट्रोल' सुरू केलं होतं, आठवत असेल. तेव्हा पंपावर मी बघितलंय, लाइनमधल्या मागच्या माणसाचं हेल्मेट मागायचं, डोक्यावर ठेवायचं, पेट्रोल भरून झालं की परत द्यायचं आणि उघड्या डोक्याने सुसाट मुंबई नाक्याकडे निघून जायचं. आता या माणसाला माहिती नव्हती असं कोण म्हणेल? हेल्मेटने डोक्याला मार बसायचा धोका ६९ टक्क्यांनी आणि जीव जायचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो हे आकडे जगभर वापरले जातात, आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे की २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातात गेले. हे सगळं त्या पोराला सांगा, तो मान डोलावतो, खरंय म्हणतो. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात अपघात नसतोच, पोलिसाने मला घालायला लावलं आणि मी ऐकलं नाही हे असतं. त्याने स्वतःचं डोकं पणाला लावून पोलिसाला हरवलेलं असतं.

हे छोटं झालं. खरी गोष्ट बघायची तर बांधावर जायला पाहिजे.

माझ्या माहेरी दोन चुलतभावांचं वैर आहे, दोघंही द्राक्षवाले, दोघंही कष्टाळू, व्यसन नाही, देवधर्म करणारी माणसं. आमच्याकडचे म्हणजे वाईट माणसं असं कुणी समजू नका, मला दोघांबद्दल माया आहे आणि म्हणूनच हे लिहितेय. वाटणी झाली तेव्हा मधला बांध कुठून जातो यावरून बोलाचाली झाली. बांध साधारण दोनशे फूट लांब, आणि वाद होता दीड फूट इकडे की तिकडे, म्हणजे तीनशे स्क्वेअर फूट, पाव गुंठ्याच्या थोडं वर. तेवढ्या जागेत द्राक्षाची एक ओळ धड बसत नाही. पण त्यावरून मोजणी झाली, मग फेरमोजणी झाली, मग निफाडला कोर्टात तारखा सुरू झाल्या, आणि मधल्या मधे धाकट्याने त्याच्या हद्दीतून जाणारा थोरल्याचा वहिवाटीचा रस्ता बंद केला, चर खणला आणि बाभळीच्या काट्या टाकल्या. ऐन काढणीच्या दिवसात. पिकअप बागेपर्यंत येईना म्हणून मजुरांनी क्रेट डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत आणले, काढणीच्या टोळीने जास्तीचे पैसे मागितले, त्यात वाटेत घड दबले, मणी सुटे झाले, व्यापाऱ्याने तिथेच रेट पाडला. हे झालं थोरल्याचं नुकसान. पण ज्या जागेतून चर गेला ती जागा धाकट्याचीच होती ना, त्याचाही कडेचा पट्टा पडीक पडला आणि त्याचीही गाडी आता कॅनॉलच्या रस्त्याने लांबून फिरून जाते.

आणि विहीर. विहीर दोघांची सामाईक, मोटर सामाईक, पाळ्या ठरलेल्या. मोटर जळली. रिवाइंडिंग करून आणायचं काम काही हजारांचं होतं, दोघांनी अर्धे अर्धे घातले असते तर दोन दिवसात पाणी चालू झालं असतं. पण आधी कुणी म्हणायचं? जो आधी म्हणेल त्याला गरज आहे असा त्याचा अर्थ होणार. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली, पुढच्या वर्षीचा माल ज्या काडीवर धरायचा ती काडी तयार व्हायचे दिवस, बागेला पाणी पाहिजेच पाहिजे, आणि दोघंही भाऊ विहिरीत पाणी असताना टँकर विकत घेत होते. मी धाकट्याला म्हटलं, दादा अरे तुझीच बाग वाळतेय, दुरुस्त करून टाक मोटर, पैसे मग बघता येतील. तो म्हणाला, "ताई, बाग वाळली तर पुढच्या साली परत येईल. पण मी मोटर दुरुस्त करून आणली तर तो फुकटात पाणी भरंल आणि गावात सांगत फिरंल, आणली का नाही झक मारून. ते माझ्यानं नाही सहन व्हायचं."

या वाक्यात मला सगळं सापडलं. तो मूर्ख नाही, त्याने पूर्ण हिशोब केलेला आहे. एका बाजूला बाग, टँकरचे पैसे, कोर्टाच्या चकरा, बायकोपोरांची कटकट, आणि दुसऱ्या बाजूला थोरल्याच्या चेहऱ्यावरचं ते एक हसू. त्याला ते हसू जास्त महाग वाटतं. आणि दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापून घेणारा माणूस आपल्या म्हणीत आहे याचा अर्थ आपल्या आजोबा पणजोबांनी हे भरपूर बघितलेलं होतं, त्यांना हे काही नवीन नव्हतं.

कुणी म्हणेल ही शेतकरी भाऊबंदकी आहे, शिकलेली माणसं असं करत नाहीत. करतात. इंग्लंडमध्ये डॅनियल झिझो आणि अँड्र्यू ऑस्वल्ड या दोघांनी एक प्रयोग केला होता, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना पैसे दिले, काहींना जास्त काहींना कमी, आणि मग सांगितलं की तुम्हाला पाहिजे तर तुम्ही दुसऱ्याचे पैसे जाळून टाकू शकता, पण त्यासाठी तुमच्याही पैशातून काही भाग जाईल. कोणी जाळले ते कुणाला कळणार नव्हतं, म्हणजे गावात मिरवायचीही सोय नाही. जाळणाऱ्याला एक पैचा फायदा नाही, उलट तोटा. तरी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्याचे पैसे जाळले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या विहिरीचीच आठवण आली. शिक्षण, देश, पगार, काही फरक पडत नाही. मत्सराला आपण षड्रिपूंमध्ये शेवटी ठेवलंय पण मला वाटतं तो बाकीच्यांपेक्षा चिवट आहे, कारण कामाला, लोभाला, मोहाला निदान काहीतरी हवं असतं, मत्सराला काहीच नको असतं, फक्त दुसऱ्याकडे नसलं पाहिजे.

आता याच्याही पुढचं बोलते, कारण हे फक्त दोन भावांपुरतं असतं तर वैचारिक लेख लिहायची गरज नव्हती, घरच्या मोठ्या माणसांनी बसून मिटवलं असतं. अख्खा समाज मिळून हे करू शकतो आणि त्याची सगळ्यात मोठी साक्ष आपल्या नाशिकमध्ये, पंचवटीत उभी आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखी याच जिल्ह्यातली माणसं त्यात पुढे होती. मागणी काय होती तर देवळात जाऊ द्या. त्यावर काय केलं गेलं? देवळाचे दरवाजे बंद केले गेले. म्हणजे ज्यांना आत जायचा हक्क पिढ्यानपिढ्या होता त्यांनीही रामाचं दर्शन सोडलं, पण दुसऱ्यांना आत येऊ दिलं नाही. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले, लढा पुढे पाच वर्षांच्या वर चालला आणि सत्याग्रहींसाठी दरवाजा काही उघडला नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

ज्यांनी दरवाजे बंद केले ते राक्षस नव्हते, तीही आपल्यासारखीच पूजाअर्चा करणारी, पोराबाळांवर जीव असणारी माणसं असणार. त्यांना देव नको होता का? हवा होता. पण त्याहून जास्त, आपण दुसऱ्यांपेक्षा वरचे आहोत ही भावना हवी होती, आणि ती टिकवायला त्यांनी देवाला कुलूपबंद करणं पत्करलं. त्यांनी स्वतःचं काय घालवलं याचा हिशोब त्या पिढीने कधी मांडला नाही. अर्थात इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, की दरवाजे बंद करणाऱ्यांनी दर्शन गमावलं आणि बाहेर उभ्या असणाऱ्यांनी दगड खाल्ले, या दोन नुकसानी एका पारड्यात घालता येत नाहीत. अशा प्रसंगी माणसाचा स्वभावच असा, मन असंच असतं, असं म्हणून विषय संपवणं म्हणजे दगड मारणाऱ्याला सोडून देणं. स्वभाव समजून घ्यायचा तो माफ करायला नाही.

आणि इथेच माझ्या म्हणण्यातली अवघड जागा येते, ती मी टाळणार नाही. सत्याग्रहींनीही नुकसानच पत्करलं होतं ना? मजुरी बुडवली, मार खाल्ला, गावोगावी बहिष्कार सोसले, आणि तेही मानासाठीच. मग माझ्या चुलतभावाचा मान वाईट आणि त्यांचा मान चांगला, हे मी कशावरून म्हणते? मी यावर पुष्कळ विचार केलाय. मला फरक असा दिसतो की सत्याग्रहींना जो मान हवा होता तो मिळाल्याने कुणाचा मान कमी होणार नव्हता, दरवाजा उघडला असता तर सगळेच आत गेले असते. माझ्या भावाला जो मान हवा आहे तो थोरल्याची मान खाली गेल्याशिवाय मिळतच नाही. माणसाने मानासाठी झळ सोसू नये असं मी म्हणणार नाही, तसं झालं असतं तर या देशात काहीच बदललं नसतं. पण ज्या मानाला दुसऱ्याचं पडणं लागतं त्याची भूक कधी भागत नाही, आणि त्यात माणूस आपलंही घर घालवतो.

शहरात हेच वेगळ्या रूपात दिसतं आणि तिथे शत्रू बाहेर नसतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडला संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा बघा, किती पोरं, किती बॅगा. यातल्या कितीतरी पोरांच्या घरी एक वाक्य रोज ऐकू येतं, 'आमचा हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही.' आई कौतुकानेच बोलते. पण त्या पोराच्या जागी उभं राहून ऐका. त्याला कळतं की माझी हुशारी अभ्यास न करण्यामुळे टिकून आहे. उद्या मी जीव तोडून अभ्यास केला आणि तरीही मार्क नाही आले तर? मग 'हुशार आहे' हेही गेलं. त्यापेक्षा परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत रील बघितलेले बरे, नापास झालो तरी अभ्यास केला नव्हता म्हणता येतं, आणि पास झालो तर काय, अभ्यास न करता पास. दोन्हीकडून अब्रू सेफ. आपण त्याला आळशी म्हणतो, मोबाइलचं व्यसन म्हणतो, मोबाइल काढून घेतो. मोबाइल नव्हता तेव्हाही हे होतंच, तेव्हा पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडायची.

हे मी मनाने रचत नाहीये. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींना प्रश्न सोडवायला दिले, काहींना सुटणारे, काहींना असे की त्यांना उत्तरच नव्हतं, त्यांनी नुसते अंदाजाने ठोकले. पण नंतर सगळ्यांना सांगितलं की वा, फार छान केलंत. मग म्हणाले आता दुसरी टेस्ट आहे, त्याआधी दोन औषधांपैकी एक निवडा, एकाने डोकं जास्त चालतं, दुसऱ्याने कमी. ज्यांना आपण खरंच सोडवलंय हे माहिती होतं त्यांनी सरळ विचार केला. पण ज्यांना आतून माहिती होतं की आपल्याला काही जमलं नव्हतं आणि तरी शाबासकी मिळाली, त्यांच्यातल्या मुलांनी, मुली तशा वागल्या नाहीत हेही सांगितलं पाहिजे, पण मुलांमधल्या बहुतेकांनी डोकं बधिर करणारं औषध मागितलं. म्हणजे पुढच्या टेस्टला मार्क कमी आले तर औषधावर ढकलता येईल आणि मिळालेली शाबासकी शाबूत राहील.

यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे हे पोरांना शिव्या दिल्याने झालं नाही, न कमावलेल्या कौतुकाने झालं. आपण समजतो की पोराला हुशार हुशार म्हटलं की कॉन्फिडन्स वाढतो. उलट आपण त्याच्या हातात एक काचेची वस्तू देतो आणि मग तो ती फुटू नये म्हणून मैदानातच उतरत नाही. त्यात आपल्याकडे निकाल म्हणजे सार्वजनिक सोहळा. बोर्डाने गुणवत्ता यादी कधीच बंद केली, पण क्लासवाल्यांनी ती चौकाचौकात फ्लेक्सवर आणली, फोटो, टक्के, गळ्यात हार, आणि घरच्यांनी स्टेटसवर. ज्या पोराचा फोटो फ्लेक्सवर नाही तो कुठे असतो याचा विचार कुणी करतं का? तो पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायला कसा तयार होईल, जिथे प्रयत्न करून पडणं हे प्रयत्न न करण्यापेक्षा जास्त लाजिरवाणं आहे? ज्याला दुसरा ॲटेम्प्ट द्यायचाय तो कुणाला न सांगता देतो, अभ्यासिकेत जातो ते तोंड लपवत जातो, हे आपण त्याच्यावर आणलंय.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात याच्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय, फ्रॉइडने १९१६ मध्येच अशा माणसांबद्दल लिहिलं होतं जी यश हाताशी आल्यावर कोसळतात, आणि युंगने माणसाच्या नाकारलेल्या बाजूला सावली म्हटलं, जी आपण आपल्यात मान्य करत नाही म्हणून मग दुसऱ्यात बघत राहतो. यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. पण सावलीचं म्हणणं पटतं, कारण आमच्याकडचे दोन्ही भाऊ एकमेकांबद्दल जे बोलतात ते शब्दाला शब्द सारखं आहे. 'त्याला माझं बरं झालेलं बघवत नाही' हे वाक्य मी दोघांच्याही तोंडून ऐकलंय आणि दोघंही खरं बोलत होते.

आता एक मोठा आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. माणूस स्वतःचं नुकसान स्वतः करतो असं एकदा म्हणायला लागलं की सत्तेवर बसलेल्यांना फार सोयीचं होतं. शेतकरी कर्जात गेला, लग्नावर खर्च करतो म्हणून. पोराला नोकरी नाही, कष्टाची तयारी नाही म्हणून. हे मी म्हणत नाहीये आणि माझ्या लेखाचा असा वापर कुणी केला तर मला राग येईल. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती बंद राहिली, त्या काळात लासलगावला, पिंपळगावला ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने स्वतःचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं, त्याने चांगला माल पिकवला होता, त्याच्या मालाच्या दरावर पाय दुसऱ्याने दिला. अवकाळीने, गारपिटीने बाग झोपली त्यातही त्याचा दोष नाही. तसंच ज्याचं मन खरंच आजारी आहे, ज्याला जगणंच नको झालंय, त्याला हा सगळा मानापमानाचा हिशोब लावायचा नसतो, त्याला डॉक्टर लागतो, आणि घरच्यांनी वेळ न घालवता मदत घ्यायची असते, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्यासाठीच आहे. मी बोलतेय ते त्या नुकसानीबद्दल जी टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं आणि तरी आपण टाळत नाही. ती काही थोडीथोडकी नसते. उलट मी तर म्हणेन की बाहेरून इतका मार बसतोय म्हणूनच ही आतली गळती परवडत नाही. निर्यातबंदीने बुडालेल्या माणसाला कोर्टाच्या तारखा आणि टँकरचा खर्च कुठून झेपणार?

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की माणसाला चांगलं वाग सांगत बसण्यापेक्षा त्याला माघार घ्यायला जागा करून द्या. अशी जागा की माघार घेतली तरी हरल्यासारखं दिसणार नाही. हे मी हवेत बोलत नाही, असं एक चांगलं काम आपल्या राज्य सरकारने केलंय आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती आहे. २०२३ च्या सुरुवातीला सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असं किमान १२ वर्षांपासून चालू असेल तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करायचा, त्याला मुद्रांक शुल्क फक्त १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. यात मला जे आवडलं ते पैशाची सवलत नाही. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, दस्त अदलाबदलीचा आहे, तू पण दिलं मी पण दिलं. आणि गावात सांगायला एक कारण मिळतं, की बाबा सरकारची स्कीम होती, हजार रुपयात होत होतं म्हणून करून टाकलं. हे 'म्हणून करून टाकलं' फार महत्त्वाचं आहे. त्याच्यावाचून वर्षानुवर्षं भांडणं अडून राहतात.

शिक्षणातही हेच करता येतं. आपल्या नाशिकमध्ये १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, कितीतरी लोक सुटलेलं शिक्षण तिशीत चाळिशीत तिथून पूर्ण करतात, आणि कुणाला वर्गात लहान पोरांसमोर मान खाली घालून बसावं लागत नाही. परत येण्याचा रस्ता बिनअपमानाचा असला की माणसं परत येतात, एवढी ही साधी गोष्ट आहे. शाळांनी आणि क्लासवाल्यांनी फ्लेक्सवर पहिले दहा लावायचे सोडून द्यावेत असं मला मनापासून वाटतं, महापालिकेने तसे फ्लेक्स काढूनच टाकावेत, आणि शिक्षकांनी पोराला हुशार म्हणण्याऐवजी तू हा प्रश्न कसा सोडवलास ते सांग म्हणावं. आईवडिलांनी 'अभ्यास केला असता तर पहिला आला असता' हे वाक्य तर कायमचं बंद करावं. नापास झालेल्या पोराला जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसवताना घरात त्याची चर्चा नातेवाईकांसमोर करू नये, एवढं तरी.

हेल्मेटच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. मोहीम काढू नका. मोहीम म्हणजे कुस्ती, पंधरा दिवस पोलीस विरुद्ध पब्लिक, आणि कुस्ती म्हटली की जिंकावंसं वाटणारच. बारा महिने, कसलाही गाजावाजा न करता, कुणाला चौकात उभं करून लेक्चर न देता, मुकाट दंडाची पावती घरी येत राहिली तर त्यात हरवायला समोर कुणी उरत नाही, आणि मग डोकं वाचवण्याचा विचार करायला माणूस मोकळा होतो.

राहिला आमच्या रस्त्यासारखा प्रश्न. सलोखा योजनेत ताब्याची अदलाबदल बसते, पण बांधाचा दीड फूट आणि अडवलेला रस्ता यात बसत नाही, आणि खेड्यातली सगळ्यात कडू भांडणं तीच आहेत. रस्त्यासाठी तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली जाता येतं, नवा रस्ता मागायचा तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, पण दोन्हीत अर्जदार आणि सामनेवाला असतो, निकाल लागतो, आणि निकाल म्हटला की एकाची जिरली असं गाव म्हणणार. मग हरलेला अपिलात जातो किंवा रात्रीत पुन्हा काट्या टाकतो. माझी मागणी आहे की या भांडणांसाठीही सलोख्यासारखीच वाट काढा. दोघांपैकी कुणीही अर्ज करायची गरज नको, मंडळ अधिकाऱ्याने स्वतःहून गावातले सगळे अडलेले रस्ते एका यादीत घ्यावेत म्हणजे 'आधी कोण गेला' हा प्रश्नच राहणार नाही, एका दिवशी सगळ्यांची मोजणी फुकट करावी, ज्याच्या जमिनीतून रस्ता जातो त्याला तेवढ्या जागेचा मोबदला सरकारने द्यावा आणि ते कागदावर दान किंवा माघार म्हणून न लिहिता गावाच्या कामाला दिलेली जागा म्हणून लिहावं. खर्च येईल. पण एकेका गावात टँकरवर, वकिलांवर आणि दबलेल्या मालावर दर साली जेवढे पैसे जातात त्यापुढे तो मोठा नसेल, आणि माझ्या धाकट्या भावाला घरी येऊन सांगता येईल की रस्ता मी सोडला नाही, सरकारने सगळ्यांचेच घेतले.